घड्याळावरचा आर-नंबर नक्की कशाची हमी देतो?

कोथिंबीरवडी
मंडळी, घरात एका घड्याळावरून शीतयुद्ध चालू आहे, म्हणून हा धागा.

बाबा वय ७३. बीपीची गोळी गेली ११ वर्षं, साखरेची ४ वर्षं. दिवाळीच्या सेलमध्ये आतेभावाने त्यांना १,७९९ रुपयांचं स्मार्टवॉच घेऊन दिलं. पावलं, नाडी, झोप, ऑक्सिजन, बीपी आणि वर साखरसुद्धा! सुई नको, रक्त नको, काचेवर बोट टेकवलं की आकडा हजर. बाबा बेहद्द खूश. चहाआधी १०४, चहा-खारीनंतर १०९. "बघ, खारीने काही होत नाही" हे वाक्य मी दिवसातून तीनदा ऐकते.

मी म्हटलं, हे थोतांड आहे. त्यावर भावाने खोक्याची मागची बाजू दाखवली. बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, त्याखाली आर आणि आठ आकडी नंबर, शेजारी सीई, एफसीसी, आयपी६८, अजून दोन-तीन चित्रं. "सरकारने टेस्ट करून पास केलंय, ताई. तू काय सरकारपेक्षा शहाणी?"

तर प्रश्न दोन. या चिन्हांचा नेमका अर्थ काय? आणि बाबा ते घालूनच झोपतात, आता मनगटावर रुपयाएवढा लाल चट्टा आलाय. बॅटरी तापत असेल का?

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, तीन महिन्यांनी ते नाव बाजारात असेल याची खात्री नाही.

मोडकी_छत्री
खारीनंतर १०९ म्हणजे घड्याळ बेकरीवाल्याने बनवलेलं दिसतंय.

ओहमचा_नियम
ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, पोटापाण्याचा धंदाच तो आहे. नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये १३ वर्षं लोकांच्या बॅटऱ्या चेचतोय.

आर-नंबर म्हणजे बीआयएसची सक्तीची नोंदणी. २०१२ च्या आदेशाने ती सुरू झाली, मग यादी वाढत गेली. मोबाईल, पॉवर बँक, अडॅप्टर, स्मार्टवॉच, वायरलेस इअरफोन सगळे आता त्यात आहेत. घड्याळ आमच्याकडे येतं ते आयएस १३२५२ या मानकाखाली, आणि त्या मानकाची जागा आता आयएस/आयईसी ६२३६८ घेतंय. दोन्हींचा विषय एकच: ही वस्तू माणसाला शॉक देईल का, पेटेल का, चटका देईल का, तिची धार लागेल का. पडद्यावरचा आकडा खरा की खोटा, हा प्रश्न त्या शेकडो पानांत कुठेही नाही. तिथे बीपी दिसो नाहीतर राशिभविष्य, आमच्या रिपोर्टात फरक पडत नाही.

आतल्या बॅटरीची परीक्षा वेगळी, आयएस १६०४६ खाली. पूर्ण चार्ज केलेला सेल घ्यायचा. एकाची दोन टोकं जवळजवळ शून्य रोधाने जोडायची. दुसरा मीटरभर उंचीवरून काँक्रीटवर तीनदा टाकायचा. तिसरा भट्टीत १३० अंशांपर्यंत तापवायचा. चौथा दोन सपाट पाटांमध्ये १३ किलोन्यूटनने दाबायचा, म्हणजे साधारण सव्वा टन. घड्याळातला सेल टपाल तिकिटाएवढा, चंदेरी पाकिटासारखा. भट्टीत तो उडदाच्या पापडासारखा फुगतो, कडा सुटतात, कधी गोडसर उग्र वास येतो. फुगला तरी चालतं. पेटला किंवा फुटला तर नापास.

आता गोम ऐका. जुन्या आयएसआय चिन्हासाठी बीआयएसचा माणूस कारखान्यात जाऊन पाहणी करतो. आर-नंबरच्या योजनेत तसं नाही. कंपनी नमुना लॅबला देते, रिपोर्ट घेते, 'माझा माल असाच आहे' असं लिहून देते आणि नंबर घेते. नंतर बाजारातून नमुने उचलून तपासणी होते, पण ती नंतर. आमच्या टेबलावर येतो तो नमुना नवरदेव असतो हो. घोड्यावर बसलेला, केस विंचरलेला. रोजच्या मालाचं तोंड आम्ही बघितलेलं नसतं.

फुकटफौजदार
थोडक्यात, घड्याळ बाबांना जाळणार नाही, फक्त फसवेल. काही काही वधूवर सूचक मंडळं याहून वाईट आहेत.

त्रिकालवेळ
आर-नंबरचं माहीत नाही, पण सीई नीट बघा. दोन प्रकारचे सीई असतात. अक्षरांमध्ये अंतर जास्त असेल तर युरोपचा, अक्षरं चिकटलेली असतील तर 'चायना एक्स्पोर्ट'. मला कस्टम्समधल्या मित्राने सांगितलंय.

राईनकाठची
@त्रिकालवेळ, तुमच्या मित्राला आमच्याकडे चहाला बोलवा. जर्मनीत याच कामाची नोकरी करते, आणि हे 'चायना एक्स्पोर्ट' दर वर्षी कोणीतरी मला व्हॉट्सॲपवर पाठवतं. असं चिन्ह अस्तित्वातच नाही. अक्षरं चिकटलेली असतील तर कोणीतरी चिन्ह वाईट छापलंय, एवढाच अर्थ.

खरी गोष्ट त्याहून कंटाळवाणी आहे. सीई हे कोणी 'देत' नाही. बहुतेक वस्तूंवर तो उत्पादक स्वतःच लावतो, 'युरोपचे लागू असलेले सगळे नियम मी पाळले' असं स्वतःच्या सहीने जाहीर करून. फाईल तयार ठेवायची, मागितली तर दाखवायची. घड्याळात ब्लूटूथ आहे म्हणून त्याला रेडिओ उपकरणांचा २०१४ चा निर्देश लागतो. सीईच्या शेजारी चार आकडी नंबर असेल तर एखादी बाहेरची मान्यताप्राप्त संस्था त्यात गुंतलेली आहे. नंबर नसला म्हणजे खोटं, असंही नाही. आणि एफसीसी अमेरिकेचं, तेही रेडिओलहरींपुरतं. साखरेशी तिघांचाही संबंध नाही.

एक मात्र इथे गंभीरपणे घेतात, विदा, म्हणजे डेटा. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने मुलांच्या मनगटावरची काही घड्याळं सरळ बंद केली, कारण आईबाप ॲपमधून गुपचूप वर्गातलं बोलणं ऐकत होते. इथे ते हेरगिरीचं उपकरण ठरतं. पालकांना सांगितलं, घड्याळ नष्ट करा आणि पुरावा ठेवा. २०१९ मध्ये मुलांचं अजून एक घड्याळ युरोपभर परत मागवलं, कारण कोणीही त्यात घुसून मुलाशी बोलू शकत होतं आणि ते कुठे आहे ते बघू शकत होतं. १ ऑगस्ट २०२५ पासून तर अशा उपकरणांना सायबरसुरक्षेच्या अटीही सक्तीच्या झाल्यात, आणि त्यात अंगावर घालायच्या वस्तूंचा उल्लेख नाव घेऊन आहे.

कोथिंबीरवडी, त्या घड्याळाचं ॲप फोनमध्ये काय काय परवानग्या मागतं ते एकदा बघा.

कोथिंबीरवडी
बघितलं. संपर्क, एसएमएस, मायक्रोफोन, लोकेशन, फोटो. पावलं मोजायला फोटो कशाला लागतात?

मोडकी_छत्री
पावलांचे फोटो असतील.

डॉ_अडुळसा
आधी चट्टा. फोड, पाणी, खूप आग असं काही नसेल तर घाबरू नका. पण आजपासून त्या हातावर घड्याळ नको आणि झोपताना तर नकोच. आठवड्यात गेला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आता साखर. २१ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि वैद्यकीय उपकरणांच्या सरकारी नियामकाने, जाहीर सूचना काढली, की त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका, अशा एकाही उपकरणाला आम्ही मान्यता दिलेली नाही. दंडाला चिकटवायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट आहे. त्याची केसासारखी तार कातडीखाली जाते, रक्तात नाही पण पेशींभोवतीच्या द्रवात. घड्याळावर त्याचा आकडा दिसत असेल तर घड्याळ नुसता आरसा आहे. ते चालतं.

तुमच्या बाबांच्या घड्याळात मात्र हिरवा दिवा आणि त्याचा परतलेला उजेड टिपणारा डोळा एवढंच असणार. त्यातून नाडी बऱ्यापैकी कळते. लाल आणि अवरक्त दिवेही असतील तर ऑक्सिजनचा अंदाज येतो. तोसुद्धा सावळ्या कातडीवर चुकू शकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, त्यात चक्क रुग्णालयातल्या बोटाच्या मीटरने ऑक्सिजन कमी झालेला असताना तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. आपण सगळे कोणत्या रंगाचे, हे सांगायला नको.

आणि बीपी. दंडाच्या पट्ट्याचं मशीन प्रमाणित करायला कमीत कमी ८५ माणसांवर तपासतात, सरासरी चूक ५ च्या आत आणि विखुरणं ८ च्या आत असावं लागतं. नामांकित कंपन्यांची जी घड्याळं बीपी दाखवतात त्यांतलं एक तर दर चार आठवड्यांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यायला सांगतं. दुसऱ्या एकात पट्टाच फुगतो. अठराशे रुपयांत यातलं काय येतं?

गेल्या पावसाळ्यात एक शिक्षक आले होते. घड्याळ १२२ दाखवतंय म्हणून त्यांनी दीड महिना गोळी अर्धी केलेली. माझ्या टेबलावर १७८. ते माझ्या मशीनकडे संशयाने बघत होते, घड्याळाकडे नाही.

सोनचाफा_७
@डॉ_अडुळसा, मग आपल्याकडे कायदा नाही का याला?

डॉ_अडुळसा
आहे. वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीची सगळी उपकरणं, सॉफ्टवेअरसकट, औषध या व्याख्येत येतात. कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गांना ऑक्टोबर २०२२ पासून परवाना सक्तीचा, क आणि ड ला ऑक्टोबर २०२३ पासून. म्हणजे खोक्यावर उत्पादन किंवा आयात परवान्याचा नंबर असायला हवा, आणि तो बीआयएसच्या आर-नंबरपेक्षा वेगळा असतो. ताई, शोधा बरं.

कोथिंबीरवडी
तसा काही नंबर नाही. उलट आतल्या माहितीपत्रकात, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: "हे वैद्यकीय उपकरण नाही. आकडे केवळ संदर्भासाठी." आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला लाल थेंबाचं हे एवढं मोठं चित्र!

फुकटफौजदार
आमच्या गल्लीतल्या एका भविष्यवाल्याच्या पाटीवरही खाली तेच लिहिलंय.

घड्याळजी
नमस्कार. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास माझं दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांच्या काळात चावीची घड्याळं उघडायचो, आता ही उघडतो. दोन गोष्टी सांगतो.

स्वस्त घड्याळ उघडलं की मागच्या काचेखाली चार खिडक्या दिसतात. पैकी दोन नुसत्या रंगवलेल्या. काही नगांत हिरवा दिवा लुकलुकतो, पण उजेड टिपणारा भाग सर्किटला जोडलेलाच नसतो. बॅटरी चिकटपट्टीने डकवलेली. चांगल्या मालात बॅटरीच्या कपाळावर बोटाच्या पेराएवढी पट्टी असते, तिच्यावरची चिप जास्त चार्ज झालं की तोडते. हलक्या मालात ती पट्टी वाचवतात. बॅटरी फुगली की पडदा एका कोपऱ्यातून उचलला जातो. नख घातलं आणि फट लागली तर ते घड्याळ चार्जिंगला लावायचं नाही, घरात ठेवायचं नाही, आणि सुरीने उघडून बघायचं तर अजिबातच नाही.

दुसरं, घरच्या घरी परीक्षा. घड्याळ दुधी भोपळ्याला बांधा. काकडी, केळं, गुंडाळलेला टॉवेल, काहीही चालेल. नाडी तर चांगल्या घड्याळातही कधी कधी दिसते, परतलेल्या उजेडातल्या गोंधळाला ते नाडी समजतं. पण दुधीला बीपी आणि साखर आली तर समजून घ्या.

कोथिंबीरवडी
आत्ताच केलं. आई खिडकीतून हसतेय.

दुधी (पाव किलो, मंडईतला, कालचा): नाडी ७६, बीपी ११८/७६, ऑक्सिजन ९८, साखर १०४.

मोडकी_छत्री
दुधीची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे. माझं बीपी १४०.

वाळकी_भेंडी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). वाखुसा (वाचनखूण साठवली).

फुकटफौजदार
दुधीची झोप कशी आहे? गाढ झोप किती तास?

त्रिकालवेळ
तुम्ही हसा. मूळ धोक्याबद्दल कोणी बोलत नाही. रात्रभर मनगटावर ब्लूटूथ म्हणजे रेडिएशन. सार व्हॅल्यू कोणी बघितली का?

ओहमचा_नियम
मीच बघतो, म्हणून सांगतो. सार म्हणजे शरीराच्या किलोमागे किती वॅट रेडिओ ऊर्जा शोषली जाते. भारतात मोबाईलसाठी सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १.६, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून. युरोपात डोकं आणि धडासाठी २, हातापायांसाठी ४, दहा ग्रॅमवर. नियम कागदावरच राहतो असंही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सने आयफोन १२ ची विक्री थांबवली होती, कारण हातापायाच्या चाचणीत ४ ऐवजी ५.७४ आले. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून दिलं.

पण तो फोन, टॉवरशी बोलणारा. साध्या ब्लूटूथ घड्याळाचा आवाज त्याच्यापुढे कुजबुजीएवढा, काही मिलिवॅट. सिमवालं घड्याळ असेल तर त्याची सार-चाचणी वेगळी होते, मनगटाला चिकटवून. धोक्यांची यादी केली तर माझ्या मते वरून खाली: खोटा आकडा, बॅटरी, पट्ट्याची ॲलर्जी, चोरलेली माहिती. रेडिएशन त्यानंतर कुठेतरी.

त्रिकालवेळ
तुमचं मत तुमच्यापाशी. मी रात्री घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेवतो.

ओहमचा_नियम
ठेवा की. चट्टा तरी येणार नाही.

विदर्भवारा
चंद्रपूरवरून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६-४७ ला जातो, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं घड्याळ हातात धरवत नाही ना भाऊ. मागच्या उन्हाळ्यात माझं घड्याळ "तापमान जास्त, चार्जिंग थांबवलं" असं म्हणून रुसून बसलं. मी कंपनीला शिव्या घातल्या. चूक केली का?

ओहमचा_नियम
चूक केली. ते घड्याळ शहाणं होतं. लिथियमचे सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत, म्हणून चांगल्या मालात तापमान बघणारा सेन्सर चार्जिंग तोडतो. जे घड्याळ चंद्रपूरच्या मेमध्ये गुमान चार्ज होतं, त्याला शिव्या घाला.

यावरून आठवलं. कातडीला लागणाऱ्या भागाचंही तापमान मोजतो आम्ही. मिनिटभर हात लावायचा असेल तर ५१ अंश चालून जातात, दहा मिनिटांसाठी ४८. पण आठ तासांहून जास्त वेळ टेकून राहणाऱ्या वस्तूला ४३ च्या वर गेलं की भाजण्याचा धोका धरतात. ४३ म्हणजे कोमट, अंघोळीच्या पाण्याइतकं. तेवढंच रात्रभर एका जागी राहिलं तर कातडी हळूहळू भाजते, आणि झोपलेल्या, त्यातून मधुमेही माणसाला कळतही नाही. ताई, बाबांनी ते झोपताना काढावं असं डॉक्टर म्हणाले त्याला माझा दुजोरा.

मोठ्या कंपन्याही यात सापडल्यात. इंटेलने २०१६ मध्ये बेसिस पीक घड्याळ तापतं म्हणून सगळंच्या सगळं परत घेतलं. फिटबिटचं आयोनिक २०२२ च्या मार्चमध्ये परत मागवलं, अमेरिकेत सुमारे १० लाख नग. बॅटरी तापल्याच्या ११५ तक्रारी, ७८ जण भाजलेले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या ग्राहकसुरक्षा आयोगाने सव्वाकोट डॉलरच्या आसपास दंड ठोकला, १.२२५ कोटी, तो घड्याळ तापलं म्हणून नव्हे, तर माहीत असून वेळेवर कळवलं नाही म्हणून.

सोनचाफा_७
चट्ट्याबद्दल माझा अनुभव. मला खोटे दागिने चालत नाहीत. बेन्टेक्सच्या बांगड्या घातल्या की दोन दिवसांत खाज, लग्नात ठुशी घातली तर फोटोंत मान लाल. त्वचेच्या डॉक्टरांनी पॅच टेस्ट केली, निकेल निघालं. मग घड्याळ घेतलं सिलिकॉनच्या पट्ट्याचं, तरी चट्टा! कारण बकल आणि मागची धातूची चकती. पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात मारून वर्ष काढलं, मग टायटॅनियमचं घेतलं.

राईनकाठची
@सोनचाफा_७, अगदी हेच मोठ्या प्रमाणावर घडलंय. फिटबिटचा फोर्स नावाचा पट्टा २०१४ मध्ये परत मागवला, तेव्हा पुरळ-खाजेच्या ९,९०० च्या आसपास तक्रारी होत्या, फोडांच्या २५० च्या आसपास. संशय स्टेनलेस स्टीलमधल्या निकेलवर आणि चिकटवायच्या द्रव्यांतल्या ॲक्रिलेट्सवर.

युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूतून निकेल किती झिरपावं याला मर्यादा आहे, आठवड्याला चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम. मोजायची तऱ्हा मला फार आवडते. कृत्रिम घाम बनवतात! मीठ, युरिया, लॅक्टिक आम्ल. त्यात ती चकती आठवडाभर बुडवून ठेवतात आणि घामात किती निकेल उतरलं ते मोजतात. झटपट परीक्षाही आहे, डायमिथाइलग्लायॉक्सिमचं द्रावण लावलेला कापसाचा बोळा धातूवर घासायचा. गुलाबी झाला तर निकेल.

पण सगळे चट्टे ॲलर्जीचे नसतात. अर्ध्याहून जास्त लोक पट्टा करकचून बांधतात आणि अंघोळीनंतर साबणाचं पाणी खाली तसंच राहतं. (अर्ध्याहून जास्त हा माझ्या ओळखीतला आकडा, चाचणीतला नाही.)

गोंयकार_बाब
अवांतर विचारतो. माझं घड्याळ आयपी६८ होतं, कोलव्याच्या दर्यात पोहलो आणि मेलं. दुकानदार म्हणतो वॉरंटीत पाण्याचा बिघाड बसत नाही. मग तो ६८ कशाला छापतात, शोभेला?

घड्याळजी
बाब, आयपीची परीक्षा नळाच्या गोड्या, स्थिर पाण्यात होते, नव्याकोऱ्या नगावर. ६७ म्हणजे एक मीटर, अर्धा तास. ६८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने ठरवायचं. खारं पाणी, लाटेचा मार, गरम शॉवर, साबण यातलं काहीच त्यात नाही. पोहायचं तर ५ एटीएम लिहिलेलं घ्या, ते घड्याळांच्या पाणीरोधाच्या आयएसओ २२८१० मधून येतं. तेही ५० मीटरची बुडी नव्हे, तेवढा स्थिर दाब. आणि दर्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, मीठ रबरी कडी खाऊन टाकतं. चार्जिंगच्या पिना ओल्या असताना केबल लावू नका, हिरवा गंज तिथूनच सुरू होतो.

गोंयकार_बाब
देव बरे करूं. म्हणजे माझीच चूक. दुकानदाराला सांगू नका.

पहिलीच_गुंतवणूक
इथे सगळे कंपन्यांना झोडपताय, म्हणून दुसरी बाजू. पुण्यात आमची सहा जणांची कंपनी. उन्हात काम करणाऱ्या मजुरांसाठी मनगटी पट्टा बनवतोय, तापमान आणि नाडी बघून सावलीत बसायला सांगणारा. बीआयएसची नोंदणी, वायरलेसची मंजुरी (सरल संचार पोर्टलवर स्वतः जाहीर करून मिळते, ती त्यातल्या त्यात सोपी), सेलचे रिपोर्ट, विमानाने पाठवायचं तर बॅटरीच्या वाहतुकीची यूएन ३८.३ चाचणी. एक स्क्रू बदलला तरी लॅब विचारते, मॉडेल तेच का? नमुने भट्टीत जाळायला आम्हीच पैसे द्यायचे. आणि तिकडे लोकल ट्रेनमध्ये ३९९ चं घड्याळ खुशाल विकतात, त्याला कोण विचारतं? नियम पाळणाऱ्यालाच नियम.

आणि हो, आम्हीही पत्रकात 'वैद्यकीय उपकरण नाही' लिहिलंय. तो परवाना आत्ता झेपणार नाही.

डॉ_अडुळसा
तुमचं काम चांगलं आहे, मनापासून. पण "सावलीत बसा" सांगणं आणि "तुमचं बीपी ११८" सांगणं यात फरक आहे. पहिल्यात चुकलात तर माणूस दहा मिनिटं फुकट बसेल. दुसऱ्यात चुकलात तर माझे शिक्षक. नुसतं 'वैद्यकीय नाही' लिहून सुटका होतेच असं नाही. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये एफडीएने मनगटी पट्टे बनवणाऱ्या हूप कंपनीला याच कारणावरून ताकीदपत्र दिलं. कंपनी म्हणत होती हे निव्वळ निरोगी जगण्यासाठी, एफडीए म्हणाली बीपीचा अंदाज देता म्हणजे निदानाच्या आवारात आलात.

ओहमचा_नियम
@पहिलीच_गुंतवणूक, मॉडेल तेच का असं विचारणारा तो खडूस माणूस बहुधा मीच. स्क्रूचं नाही हो, तुम्ही लोक गुपचूप बॅटरीचा पुरवठादार बदलता.

एक गोष्ट पूर्ण उलट सांगतो. ज्यांनी सावलीत बसायचा आकडा लावलाय त्यांनीही तो कधी चुकतो ते कुठेतरी लिहावं. मजूर दुपारी दोनला डॉक्टरांना विचारायला जाणार नाही, तो पट्ट्याचंच ऐकेल. बाबांसारखाच.

पहिलीच_गुंतवणूक
हम्म. हे आमच्या चर्चेत आलं नव्हतं. उद्या मांडतो.

मोडकी_छत्री
मूळ धागाकर्तीचं काय झालं? दुधी आयसीयूत आहे का?

कोथिंबीरवडी
आले आले. चार दिवसांचा वृत्तांत.

बीआयएस केअर ॲप उतरवलं. त्यात आर-नंबर टाकून पडताळायची सोय आहे. खोक्यावरचा नंबर टाकला. नंबर अस्सल निघाला! फक्त तो वायरलेस इअरफोनचा आहे, ब्रँड वेगळा, कारखाना वेगळा. आतेभावाला पडद्याचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. त्याच ॲपमधून तक्रार केली, नंबर मिळालाय. विक्रेत्याकडे पैसे परत मागितले, तो म्हणतो सात दिवस उलटले.

चट्टा घड्याळ काढल्यावर तिसऱ्या दिवशी फिका पडला. सोनचाफाताई, चकतीच असावी, आकार तंतोतंत तोच होता.

रक्त तपासलं. उपाशीपोटी १६३. डॉक्टरांनी गोळी वाढवली, खारी बंद. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर घड्याळ परत हातात, आता रुमालावरून बांधलेलं. म्हणे, "आकडे नाही बघत मी. पावलं मोजतो. जोशी आठ हजार चालतात, माझे साडेसात होतात." मी काही बोलले नाही. दंडाच्या पट्ट्याचं मशीन आणलंय, ते रोज सकाळी आई लावते आणि वहीत लिहिते.

डॉ_अडुळसा
वही उत्तम. पुढच्या भेटीला ती घेऊन जा, घड्याळ नको.

घड्याळजी
पडद्याचे कोपरे आठवड्यातून एकदा नखाने बघत जा. आणि चार्जिंग उशाशी नको, ओट्यावर, फरशीवर.

फुकटफौजदार
दुधीचं काय केलंत ते राहिलं.

कोथिंबीरवडी
हलवा. आईने खास बाबांचा डोळा चुकवून, फक्त माझ्यासाठी. किसायच्या आधी शेवटचं मोजलं, १०४. मग वाटीभर हलव्यावर घड्याळ ठेवून मोजलं.

१०४.